नर्मदेकाठचे महेश्वर

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असा भगिनींचा आग्रह झाला. मी काही इतिहासाची अभ्यासक नव्हे. परंतु गेल्या हिवाळ्यात धुळ्याहून एकटीच मोटार हाकीत महेश्वरला जाऊन आले, त्याविषयी चार शब्द लिहिते.

लहानपणी आईबरोबर मी हे गाव पाहिले होते. मनात राहिला होता तो घाट, होड्या आणि आईने घेतलेली साडी. आता सेंधव्यावरून, खलघाटचा नर्मदेवरील पूल ओलांडून, धामणोदला उजवीकडे वळले. एकटीने जाण्यात एक सुख असते. कोणाची घाई नसते. दोन दिवस मी घाटाच्या पायऱ्यांवर निवांत बसले आणि लहानपणी न कळलेले महेश्वर मला दिसू लागले.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, चौंडी गावचा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या सती जाऊ लागल्या, तेव्हा सासरे मल्हाररावांनी त्यांना परावृत्त केले, असे सांगतात. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेरावही गेला. मग बाईंनी कारभार हाती घेतला आणि महेश्वर ही राजधानी केली. पुढे १७९५ पर्यंत, सुमारे अठ्ठावीस वर्षे, त्यांनी राज्य चालविले. काशीविश्वनाथाचे देऊळ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर ही त्यांची कामे आपणांस ठाऊक आहेतच. राजवाड्यात मात्र त्यांची गादी म्हणून दाखवितात ती एक साधी पांढरी बैठक!

परंतु भगिनींनो, मला चटका लावून गेली ती निराळीच गोष्ट. बाईंची कन्या मुक्ताबाई. तिचा एकुलता मुलगा वारला, आणि १७९१ मध्ये पती यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने परोपरीने विनविले. माल्कम साहेबाने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा प्रसंग दिला आहे. मुलीने उत्तर दिले ते अशा अर्थाचे: तू आता वृद्ध झालीस. माझा मुलगा गेला, पती गेला. उद्या तूही गेलीस म्हणजे मी कोणासाठी जगू? नर्मदेच्या काठी चिता पेटली, तेव्हा दोघा ब्राह्मणांनी बाईंचे हात धरून ठेवले होते. पुढे तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही, की तोंडातून शब्द काढला नाही.

जिचा शब्द साऱ्या माळव्यात चाले, तिला पोटच्या मुलीला वाचविता आले नाही. रूढीचे बळ राजसत्तेहून केवढे मोठे असते! कंपनी सरकारचा सतीबंदीचा कायदा झाला तो १८२९ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनंतर.

१८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडले. पण बाईंनी आश्रय दिलेला विणकरांचा धंदा टिकला. मध्यंतरी त्यास उतरती कळा आली होती. १९७९ साली होळकर घराण्यातील मंडळींनी रेहवा सोसायटी काढली आणि तेथे स्त्रियांनाही मागावर बसविले. चटई, वीट, लहर अशी नक्षी काठावर उतरविणाऱ्या बायका मी पाहिल्या. दोन्ही बाजूंनी नेसता येणारा तो काठ पाहून आईच्या साडीची आठवण झाली. कोणी विधवा, कोणी लेकुरवाळी. स्वतःच्या कमाईवर संसार चालविणाऱ्या आणि शेजारणीशी हसत बोलत धोटा टाकणाऱ्या.

मुक्ताबाईपाशी धनदौलत होती, नव्हता तो उद्याचा आधार. "आम्ही आहोत," असे म्हणणारे चार जणींचे मंडळ तिला लाभले असते तर! आपल्या मंडळात हळदीकुंकू होते, सहली होतात, भिशी चालते. पण घरात एकट्या पडलेल्या एखाद्या भगिनीचे दार आपण ठोठावतो, तेव्हाच मंडळाचे खरे काम होते, असे महेश्वरच्या घाटावर मला वाटले.