व्यंकटराव राजेश्वर राजगोंड

व्यंकटराव राजेश्वर राजगोंड : (एकोणिसावे शतक). जुन्या चांदा जिल्ह्यातील अडपल्ली व घोट येथील गोंड जमीनदार. १८५८ च्या उठावात मोलमपल्लीचे बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांना उघडपणे साथ देणारे संस्थानिक वृत्तीचे पुरुष. इंग्रजी दप्तरात अडपल्लीचे नाव ‘अरपल्ली’ असे लिहिलेले आढळते. घोट गाव आज गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात आहे आणि हा तालुका मुलचेरा तालुक्याला लागून आहे. घोट आणि अहेरी यांच्यामधला हा सारा पट्टा सागवान, बांबू आणि नदीनाल्यांचा आहे.

‘जमीनदार’ या शब्दाने आजच्या वाचकाची फसगत होते. चांद्याच्या पूर्वेकडचा जमीनदार केवळ शेतीचा धनी नव्हता. चांद्याच्या गोंड राजांच्या काळापासून रानातली गावे, वाटा आणि सरहद्द सांभाळण्याचे काम त्याच्याकडे असे. तो वरच्या सत्तेला टाकोळी नावाची ठरावीक, सहसा मामुली रक्कम देई. गावांतले तंटे मात्र त्याच्याच दारात मिटत. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले तरी रानातली ही घडी फारशी मोडली नाही. आपल्या मुलखापुरता तो राजाच होता. व्यंकटरावांना छोटे राजे मानले, तरच त्यांनी पुढे काय पणाला लावले ते कळते.

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. चांदा जिल्हा १८५४ मध्ये थेट कंपनीच्या अंमलाखाली आला. अहेरी जमीनदारीखालच्या मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके (जन्म १२ मार्च १८३३) यांनी गोंड तरुण गोळा करून जंगोम दल उभारले. त्यांना काही रोहिल्यांचीही साथ मिळाली. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला आणि याच उठावात व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. बाबूरावांची जमीनदारी लहान आणि अहेरीच्या छायेतली होती, तर व्यंकटरावांकडे स्वतःची जमीनदारी होती. गमावण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते. त्यांच्या येण्याने एका तरुणाची चढाई दोन जमीनदारांचे बंड झाली. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनी फौज पाठवली. नांदगाव-घोसरीजवळ चकमक झाली, पण दाट रानात पळणाऱ्या आणि पुन्हा जमणाऱ्या टोळ्या तिला आवरेनात.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुडी येथे तारखात्याच्या तळावर बंडवाल्यांनी हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. पीटर नावाचा तिसरा निसटला. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमापासून पुढे वाहणाऱ्या प्राणहितेच्या पलीकडे निजामाचा मुलूख होता. या सरहद्दीवर तारेचे काम करणारी माणसे मारली जाताच सरकारच्या दृष्टीने हे प्रकरण रानातल्या लुटालुटीपुरते उरले नाही.

क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दाब आणला. त्यांच्या माणसांनी १८ सप्टेंबर १८५८ रोजी बाबूरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारात त्यांना फाशी झाली. वय अवघे पंचवीस. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राणीचा जाहीरनामा निघाला आणि हत्यार खाली ठेवणाऱ्यांना माफी जाहीर झाली. ब्रिटिश प्रजाजनांच्या हत्येत प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांना मात्र तिच्यातून वगळले होते. चिंचगुडी घडून गेल्यावर ही माफी अडपल्ली-घोटच्या धन्याला तारणारी नव्हती.

व्यंकटराव बस्तरकडे गेले. वाट ओळखीची असावी. इंद्रावतीच्या दोन्ही अंगांना गोंड वस्ती आहे. पण बस्तरचे राज्य स्वतः नागपूरकरांचे मांडलिक होते आणि नागपूर खालसा होताच इंग्रजांच्या नजरेखाली आले होते. तेथे राजा भैरमदेव गादीवर होते. सुमारे दीड वर्ष व्यंकटराव हाती लागले नाहीत. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. जन्मठेप काळ्या पाण्याची आणि सर्व मालमत्ता जप्त, अशी शिक्षा झाली.

यानंतरची घटना या नोंदीत सर्वांत महत्त्वाची आहे. अडपल्ली व घोटची ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून देण्यात आली. अवधमध्ये लॉर्ड कॅनिंगने १८५८ च्या मार्चमध्ये तालुकदारांच्या जमिनी जप्त केल्या आणि निष्ठावंतांना त्या दिल्या. तीच रीत चांद्याच्या रानात वापरली गेली. लक्ष्मीबाईंना नुसती फितूर ठरवून मोकळे होणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. आधीच मोठी असलेली अहेरीची जमीनदारी त्यांना इंग्रजी दाबाखाली टिकवायची होती. दोष त्या धोरणाचा, ज्याने एका गोंड घराण्याचा मुलूख दुसऱ्या गोंड घराण्याच्या पदरात घातला आणि रानातला जुना विश्वास तोडला.

बाबूरावांची स्मृती जिवंत आहे. भारतीय टपाल खात्याने १२ मार्च २००९ रोजी त्यांच्यावर तिकीट काढले आणि २१ ऑक्टोबरला चंद्रपूर-गडचिरोलीत त्यांना अभिवादन केले जाते. व्यंकटरावांच्या वाट्याला मात्र बाबूरावांच्या चरित्रातली एखादी ओळच येते. हे अन्यायाचे आहे. फासावर गेलेल्याच्या शेजारी, आपली सारी जमीनदारी घालवून काळ्या पाण्याची शिक्षा ऐकलेल्या माणसालाही जागा हवी. मुलचेरा, घोट आणि अहेरीच्या शाळांतील शिक्षकांनी २१ ऑक्टोबरला मुलांना बाबूरावांची गोष्ट सांगताना अडपल्ली-घोटच्या व्यंकटरावांचे नावही घ्यावे.