कोहळा, कमळाचा देठ आणि खोटी रक्तवाहिनी

आजच्या भागाचा प्रश्न साधा आहे: शिकणाऱ्या डॉक्टरची पहिली चूक कोणाच्या अंगावर होते?

प्रश्न जुनाच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय पूर्ण यावरच आहे. सरावाला तिथे 'योग्या' म्हटलंय. छेद घ्यायला शिकायचं ते कोहळा, दुधी, कलिंगड, काकडीवर. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर, नाहीतर कमळाचा देठ. शास्त्र कितीही ऐकलेलं असो, सराव नसेल तर तो माणूस कामाला नालायक, असं तिथे स्पष्ट सांगितलंय.

आता थेट १९५३ मध्ये येऊ. स्वीडनच्या सेल्डिंगरने युक्ती मांडली: सुईतून तार आत, सुई बाहेर, तारेवरून नळी आत. त्याच वाटेने १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिचमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिगने हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याने उघडली. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले होते. सुरुवातीचे फुगे तर त्याने घरच्या स्वयंपाकघरात बनवले. इतरांना शिकवायला तो चालू प्रक्रिया टीव्हीवर दाखवायचा.

पण काठावर बसून पोहणं येतं का? इथे डॉक्टरचे डोळे एक्स-रेच्या सपाट चित्रावर, हात जांघेशी किंवा मनगटाशी, आणि तारेचं टोक पार हृदयात. तार अडली हे बोटांनाच कळावं लागतं.

वैमानिकांसाठी एडविन लिंकने १९२९ मध्येच जमिनीवरचं विमान बनवलं होतं. वैद्यकात पुरावा यायला २००२ उजाडलं. येलमध्ये १६ शिकाऊ सर्जनांपैकी ज्यांनी सिम्युलेटरवर सराव केला, त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय सोडवायचं काम २९ टक्के लवकर आणि कमी चुकांत केलं. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मानेतल्या रोहिणीच्या स्टेंटला मंजुरी देताना प्रशिक्षणाची अट घातली, आणि त्या प्रशिक्षणात सिम्युलेटर आला.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यंत्राचं कौतुक. खरी तार पेटीत सरकवायची. सेन्सर तिची ढकल आणि पीळ मोजतात, आतली यंत्रणा बोटांना विरोध देते, पडद्यावर खोटा एक्स-रे हलतो. रेडिएशन नाही, पेशंट नाही. चुकलात? पुन्हा सुरू करा.

हे रत्नागिरीला कशाला? २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात स्किल लॅब आली. २०२३ मध्ये आपल्याकडे १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. मोठ्या शहरात रोज केसेस येतात, हात आपोआप बसतो. छोट्या गावात केसेस कमी, म्हणून सरावाची गरज उलट जास्त. हार्ट अटॅकमध्ये एकेक मिनिट मोलाचं, आणि आंबा घाट ओलांडून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. घाट काही जवळ येणार नाही. बसलेला हात मात्र इथे तयार करता येईल.

भेटू पुढच्या भागात.