मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही

दरवर्षी ७ किंवा ८ जूनला घरोघरी ‘मृग लागला’ असे म्हटले जाते आणि त्या रात्री आकाशात मृग शोधणारे मूल निराश होते. दोष केवळ ढगांचा नसतो. पंचांगातले ‘मृग लागणे’ म्हणजे सूर्याने मृग नक्षत्रात प्रवेश करणे. त्या दिवसांत हे तारे सूर्यासोबतच उगवतात, मावळतात आणि त्याच्या तेजात लोपतात. चांद्र तिथी वर्षागणिक मागेपुढे होतात; सूर्यनक्षत्रे मात्र जवळपास त्याच तारखांना येतात. म्हणून पेरणीचा हिशेब शेतकऱ्यांनी रोहिणी, मृग, आर्द्रा असा सूर्यावर बांधला.

प्रत्यक्ष मृग पाहायचा तो जानेवारीत, रात्री नऊच्या सुमारास. चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरणाचे पाय, मध्ये एका रेषेतले तीन तारे हा त्याला लागलेला बाण. बाणाची रेषा आग्नेयेकडे वाढवली की तो सोडणारा व्याध सापडतो. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा. उलट दिशेला रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. मुलांना आधी गोष्ट सांगावी, नावे मागाहून.

ठळकाकडून अंधुकाकडे नेण्याची ही रीत जुनीच आहे. विवाहात अरुंधती दाखवताना प्रथम शेजारचा मोठा तारा दाखवतात. शास्त्रकारांनी त्यालाच ‘स्थूलारुंधती न्याय’ म्हटले.

ध्रुवासाठी एप्रिल-मे महिन्यांतील संध्याकाळ बरी. सप्तर्षींतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा त्याच्याकडे जाते. ध्रुव फारसा ठळक नाही, आणि गोव्यातून तो क्षितिजापासून जेमतेम साडेपंधरा अंश वर असतो; उत्तरेला डोंगर किंवा माड आड येणार नाहीत अशी जागा हवी. हात ताठ करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते, म्हणजे येथे ध्रुव दीड मूठ उंचीवर.

ही उंची म्हणजेच त्या स्थळाचे अक्षांश. अरबी समुद्रावरचे खलाशी ‘कमाल’ नावाच्या लाकडी फळीने ती मोजत. फळीची दोरी दातांत धरायची, खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकवायची. दोरीवरची गाठ बंदराचे अक्षांश सांगे. सुटीत इंदूरला गेलेल्या मुलाने तीच मूठ धरून पाहावी. तेथे ध्रुव दोन मुठींहून थोडा वर भरेल.