क्रेट म्हणजे कोंडवाडा नव्हे! हैदराबादच्या फ्लॅटमध्ये पिल्लाला शी-शूची सवय कशी लावायची?

हैदराबाद : देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर भागातली बरीच तरुण मंडळी नोकरीनिमित्त हैदराबादेत आहेत. गावाकडं कुत्र्याला शी-शू कुणी शिकवत नाही. अंगण असतं, परसदार असतं, ते आपलं आपण बाहेर जाऊन येतं. पण माधापूर, कोंडापूर, गच्चीबोलीतल्या आठव्या-दहाव्या मजल्यावर अंगण कुठलं? हौसेनं आणलेलं पिल्लू दुसऱ्याच दिवशी घरच्यांच्या हातात फडकं देतं. पंधरा दिवसांत गादी, सोफा, पायपुसणी सगळं होतं, घरमालक डिपॉझिटची आठवण करून देतो आणि पिल्लू कुणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू होते. अशा वेळी पिल्लाचा दोष क्वचितच असतो. चुकलेला असतो तो वेळेचा हिशेब.

आधी तासांचा हिशेब

पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितकेच तास ते लघवी धरू शकतं. फार तर त्यात एक तास मिळवायचा. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू दोन, जास्तीत जास्त तीन तास. आता कूकटपल्लीहून हायटेक सिटीला जाऊन येणं आणि मधली शिफ्ट धरली, तर माणूस दहा तास घराबाहेर. दहातून तीन वजा केले की उरलेल्या सात तासांचं उत्तर कुठल्याच क्रेटमध्ये नसतं. दोघंही नोकरीला असतील तर दुपारी घरी येणारं माणूस, शेजारी, वर्क फ्रॉम होम किंवा सुट्टी, यातली एक सोय पिल्लू आणण्याआधीच करावी लागते.

क्रेट कशासाठी?

कुत्रा सहसा झोपायच्या जागी घाण करत नाही. क्रेटची पद्धत याच स्वभावावर उभी आहे. जाळीच्या किंवा प्लॅस्टिकच्या या पेटीत पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता यावं, एवढी जागा हवी. फार मोठी घेतली तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. वाढणाऱ्या जातीसाठी मोठी पेटी घेऊन मध्ये आडवी जाळी लावली की पुन्हा खर्च होत नाही.

सुरुवातीला दार उघडंच ठेवायचं. जेवणाची वाटी आत द्यायची, खाऊ आत टाकायचा. पिल्लू स्वतःहून आत बसायला लागलं की दोन मिनिटं दार लावायचं, मग पाच, मग पंधरा. रात्री पेटी पलंगाजवळ ठेवायची, म्हणजे पिल्लाला सोबत वाटते आणि त्याची कुणकुण आपल्यालाही ऐकू येते. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, तो जाळीत अडकू शकतो. हैदराबादच्या एप्रिल-मेच्या उन्हात क्रेट बाल्कनीत ठेवणं जिवावर बेतू शकतं. पंख्याखाली ठेवावा, पाणी जवळ असावं.

शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कोंडलं की सगळं केलेलं वाया जातं. पिल्लू आत लाळ गाळत असेल, दार चावत असेल, सतत ओरडत असेल तर ते सवयीचं रडणं नाही, भीती आहे. तिथं थांबून पुन्हा पहिल्या पायरीवर यायचं. लहानपणी पिंजऱ्यात, घाणीतच वाढलेल्या पिल्लाला स्वच्छ जागेची जाणीव कमी असते, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

रोजचं वेळापत्रक

झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर १५ ते ३० मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि झोपण्याआधी, या चार वेळा चुकवू नयेत. जागा ठरलेली, शब्दही ठरलेला. काम झालं की तिथंच, त्याच क्षणी शाबासकी आणि खाऊ. घरात येऊन दिलेला खाऊ पिल्लाला घरात आल्याबद्दल वाटतो. फरशी हुंगत गोल फिरणं ही सूचना असते. लिफ्टची वाट पाहण्यात वेळ जातो, म्हणून लहान पिल्लाला उचलूनच न्यावं.

घरात झालंच तर नाक घासणं, मारणं, ओरडणं नको. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करायची नाही. मग ते सोफ्यामागं जातं. अमोनिया असलेल्या द्रावणानं पुसू नये, त्याचा वास लघवीसारखाच असतो आणि पिल्लू परत तिथंच येतं. एन्झाइमचं क्लीनर वापरलं की वास मुळापासून जातो.

लसीचा पेच

लसीकरण पूर्ण व्हायला साधारण चार महिन्यांचं वय होतं. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे तोवर भटक्या कुत्र्यांची वर्दळ असलेल्या जागी पिल्लू खाली सोडणं धोक्याचं. बाल्कनीतला गवताचा ट्रे किंवा शू-पॅड हा तोवरचा मार्ग. नंतर पॅड एकेक पाऊल दाराकडं सरकवत न्यायचं. महापालिकेनं २०१८ मध्ये कोंडापूरला सुरू केलेलं श्वान उद्यानही लसी पूर्ण झाल्यावरच.

नियम काय सांगतात?

* २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.
* १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम ११ नुसार, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे.
* पाळीव कुत्र्याची महापालिकेकडं नोंद करावी लागते. त्यासाठी रेबीज लसीचा दाखला हवा.
* पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा लिफ्ट वापरण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र मालकानंही कुत्र्याची घाण स्वतः उचलावी.

डॉक्टरांकडं कधी?

सवय लागलेलं पिल्लू अचानक घरात शू करू लागलं, थेंब थेंब होत असेल, रक्त दिसलं, तर तो हट्ट समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. एरवी बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांत शिकतात, लहान जातींना वर्षही लागतं. मधेच चार दिवस गाडी मागं येते, तेव्हा वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून धरायचं. पिल्लू आणायच्या आधी घरच्यांनी बसून एकच प्रश्न सोडवावा: दुपारी दोन वाजता त्याला खाली कोण नेणार? याचं उत्तर नसेल, तर अजून थोडं थांबलेलं बरं.