अनाथगृहांतील बँड

शाळेंतून बाहेर पडलेला विद्यार्थी आपल्याबरोबर काय घेऊन जातो, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकास उतारवयांत छळतो. पुस्तकांतले धडे तो बहुधा विसरतो. शिक्षकांचीं नांवेंहि विसरतो. मग उरतें काय? या प्रश्नाचें कांहींसें उत्तर मला एका दूरदेशच्या हकीकतींत सांपडलें. ती हकीकत कोणा विद्यापीठाची नाहीं. अमेरिकेंतील एका अनाथगृहाच्या बँडची आहे.

दक्षिण कॅरोलिना संस्थानांत चार्ल्सटन नांवाचें समुद्रकांठचें शहर आहे. तेथें डॅनिएल जोसेफ जेन्किन्स हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक राहत असे. १८६२ सालीं गुलामगिरींत जन्मलेला आणि लहानपणींच पोरका झालेला हा मनुष्य. १८९१ च्या हिंवाळ्यांत रेल्वेच्या आवारांत थंडीनें गारठून एकमेकांस बिलगून बसलेलीं चार मुलें त्याच्या दृष्टीस पडलीं. त्यानें तीं घरीं आणलीं. चारांचीं पुष्कळ झालीं, आणि त्यांतून अनाथगृह उभें राहिलें. पुढें त्यास फ्रँकलिन रस्त्यावरील खलाशांच्या जुन्या इस्पितळाची इमारत मिळाली. शेजारीं शहराचा तुरुंग होता! पोरक्या मुलांची पुढची वाट कोणती, हें जणूं खिडकींतूनच दिसावें अशी ती जागा.

मुलांस जेवूं घालावयाचें कसें? जेन्किन्सनें गांवांतील लोकांकडे जुनीं, टाकून दिलेलीं वाद्यें मागितलीं. लष्करी विद्यालयाचे जीर्ण गणवेष मिळविले. लोगन आणि मिकेल या दोन शिक्षकांस नेमलें, आणि मुलें रस्त्याच्या कोपऱ्यावर उभीं राहून कर्णे व ढोल वाजवूं लागलीं. वादन संपलें कीं टोपी फिरे. १८९५ सालीं तर जेन्किन्स मुलांस घेऊन थेट इंग्लंडांत गेला. तेथें लहान मुलांकडून रस्त्यावर पैशासाठीं वाजवून घेण्यास कायद्याची बंदी होती; जवळचे पैसे संपले, आणि तेथील दयाळू भाविकांच्या वर्गणीवर मंडळी कशीबशी घरीं परतलीं. तथापि पुढें याच बँडनें १९०५ सालीं रूझवेल्ट आणि १९०९ सालीं टॅफ्ट या राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारग्रहणाच्या समारंभांत वादन केलें. १९२० नंतरच्या दशकांत तर एकाच वेळीं अनेक पथकें निरनिराळ्या दिशांस हिंडत असत.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, ही तर मुलांकडून मागविलेली भिक्षा! आक्षेप खोटा नाहीं. पोरवयांतील मुलांनीं गांवोगांव उभें राहून अनाथगृहाचा खर्च भागवावा, यांत अभिमान बाळगण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु त्याच मुलांस स्वरलिपि वाचावयास शिकविलें जाई, एकाहून अधिक वाद्यें हातीं दिलीं जात. आणि गर्दींत, थंडीवाऱ्यांत, पुढें उभा असलेला श्रोता चालता होऊं नये म्हणून कसें वाजवावें, हें रस्ता शिकवी. भिक्षा आणि विद्या यांची अशी सरमिसळ तेथें झाली होती.

या विद्येचीं फळें पाहा. पंधरासोळा वादकांचे जे मोठे वाद्यवृंद अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत लोकप्रिय झाले, ज्यांस तिकडे ‘बिग बँड’ म्हणतात, त्यांत या बँडचीं मुलें जाऊन बसलीं. फ्रेडी ग्रीन हा अनाथगृहांत राहत नव्हता, पण त्या बँडबरोबर हिंडला. तो १९३७ सालीं काउंट बेसीच्या वृंदांत गिटार घेऊन बसला, आणि मध्यंतरींचा अल्प काळ सोडल्यास १९८७ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे अर्धशतकभर, तेथेंच राहिला. स्वतः पुढें न येतां साऱ्या वृंदाचा ठेका सांभाळणें हेंच त्यानें आपलें काम मानलें. दुसरा कॅट अँडरसन. पोरका, बालपण अनाथगृहांत गेलेला. एका मारामारींत मांजरासारखें ओरबाडल्यामुळें हें टोपणनांव त्यास तेथेंच चिकटलें. १९४४ सालीं तो ड्यूक एलिंग्टनच्या वृंदांत गेला आणि त्याच्या ट्रंपेटचे गगनभेदी तारस्वर जगप्रसिद्ध झाले.

मनास अधिक चटका लावतो तो मात्र हर्बर्ट राइट. हा येथला ढोलवाला. पहिल्या महायुद्धांत जेम्स रीस यूरोप याच्या सैनिकी बँडमध्यें तो फ्रान्सांत गेला. अनाथगृहाचे जुने शिक्षक मिकेल हेहि त्याच बँडमध्यें होते. १९१९ सालीं बॉस्टन येथें वादनाच्या मध्यंतरांत भांडण होऊन राइटनें आपल्या नायकावरच चाकू चालविला आणि त्यांत यूरोप मरण पावला. तुरुंगाशेजारच्या घरांतील मुलगा अखेर तुरुंगांतच गेला. संगीतानें माणूस सुधारतोच, असें म्हणणाऱ्यांनीं हें विसरूं नये. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. शिक्षा भोगून आल्यावर तो बॉस्टनमध्येंच राहिला, आणि शेजारच्या एका लहान मुलास त्यानें ढोलाचे पाठ दिले. तो मुलगा म्हणजे रॉय हेन्स. १९२५ सालीं जन्मलेला आणि २०२४ सालीं निवर्तलेला हा वादक आपल्या कलेंतील थोरांपैकीं एक गणला गेला. ज्याचें सारें नासलें, त्याच्याहि हातांत ती विद्या शाबूत राहिली होती.

आणि जॅबो स्मिथ! आईस सांभाळणें शक्य नव्हतें म्हणून सहा वर्षांचा असतां तो तेथें आला. पुनःपुन्हां पळून जाई, पुनःपुन्हां परत आणला जाई. १९२९ सालीं, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि लुई आर्मस्ट्राँगचा प्रतिस्पर्धी म्हणून लोक त्याच्याकडे पाहूं लागले. पुढें मिलवॉकी शहरीं तो विस्मृतींत गेला; पण सत्तरीच्या घरांत ट्रंपेट घेऊन पुन्हां रंगभूमीवर उभा राहिला.

जॅबोची हकीकत वाचतांना मला माझ्या शाळेच्या लेझीम पथकांतला एक मुलगा आठवला. ढोल उत्तम वाजवी, पण वारंवार गैरहजर राही. शिस्तीसाठीं मीं त्याचें नांव पथकांतून कमी केलें. त्यानंतर तो शाळेंतहि येईनासा झाला. त्या वेळीं मला आपण योग्य केलें असेंच वाटलें होतें.

श्रोतेहो, बँडनें त्या मुलांस आई दिली नाहीं, संपत्ति दिली नाहीं, सर्वांस सद्वर्तनहि दिलें नाहीं. अनोळखी गांवांत उभें राहून स्वतःच्या हातानें भाकरी मिळवितां येईल अशी विद्या मात्र दिली. आणि पळून गेलेल्या मुलाची जागा राखून ठेवली. यांतील पहिलें काम मीं आयुष्यभर यथाशक्ति केलें. दुसऱ्या कामाचें महत्त्व मात्र मला फार उशिरां समजलें.