आत्याचा बोर्ड

आत्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरात फोन वाजला की तिचा उजवा हात अजून उचलला जातो, कॉर्ड ओढायला. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या बाजारगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती ऑपरेटर होती. एक्स्चेंज म्हणजे पोस्टामागची खोली आणि भिंतीला टेकलेला लाकडी बोर्ड. कुणी आपल्या फोनचं हँडल गरगरा फिरवलं की त्याच्या नंबराची झडप खट्‌कन पडायची. आत्या कॉर्ड खोचून "नंबर?" म्हणायची. नंबर कोण सांगतो! "बाई, डॉक्टरांना द्या." डॉक्टर व्हिजिटला कुठल्या वाडीवर गेलेत, हेही बाईंनाच ठाऊक असायचं.

मुंबईचा ट्रंक कॉल मात्र तिच्या हातात नव्हता. सकाळी बुक केलेला कॉल कधी लागेल, याचा नेम नसे. १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला. मुलगा मुंबईत अडकलेला, म्हणून एक म्हातारी पीपी, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलावून देणारा, कॉल लावून दिवसभर पायरीवर बसून राहिली. दिवेलागणीनंतर लाइन मिळाली, तर नुसती खरखर. मग आत्याच कानाला हेडफोन दाबून एकेक वाक्य म्हातारीला सांगू लागली, "म्हणतोय, जेवतो वेळेवर. म्हणतोय, काळजी नको करू."

हे सांगताना आत्याचा आवाज आजही खाली येतो.

टेलिफोन तेव्हा सरकारी कागदांत चैनीच्या वस्तूंमध्ये गणला जायचा. बंगळुरूची इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ पासून यंत्रं बनवत होती, पण मागणी कायम पुढेच धावायची. बाहेरच्या देशांतली डिजिटल एक्स्चेंजेस हजारो लाइनींची, थंडगार खोली मागणारी. आमच्या गावात उन्हाळ्यात पंखासुद्धा धड चालत नसे. म्हणून १९८४ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं दूरसंचार संशोधनासाठी सी-डॉट ही संस्था स्थापन केली, ते मला फार मोलाचं वाटतं. दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदांचा आग्रह, तरुण भारतीय इंजिनियर, ३६ महिन्यांची मुदत आणि ३६ कोटी रुपये. त्यांनी आधी हात घातला तो लहान, खेड्याच्या एक्स्चेंजला. १२८ लाइनींचं, धूळ आणि ऊन सोसणारं, एअर कंडिशनरशिवाय चालणारं. पहिलं १९८६ साली कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. पुढे हे तंत्रज्ञान देशातल्या अनेक कारखान्यांना परवान्यानं दिलं गेलं आणि देशी टेलिफोन उद्योग उभा राहिला. खाजगी कंपन्या, १९९४ चं दूरसंचार धोरण, मोबाइल हे सगळं नंतरचं. पण खेड्याच्या उन्हाला पुरेल असं यंत्र आपणच करू, हे ठरवलं गेलं ते त्या तीन वर्षांत.

आमच्या गावीही तसल्या एक्स्चेंजचं कपाट आलं. आत्याचा बोर्ड निघाला, तिची बदली कार्यालयात टेबलावर झाली. तिला वाईट वाटलं का, असं मी एकदा विचारलं. "त्या पायरीवर पुन्हा कुणी बसलं नाही," एवढंच ती म्हणाली.

बाजारात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ उघडला, तेव्हा ती त्याच म्हातारीला घेऊन गेली. नंबर फिरवला. पलीकडून मुलाचा आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. म्हातारी थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग सवयीनं रिसीव्हर आत्याच्या हातात देत म्हणाली, "काय म्हणतोय गं? सांग की."