सेटलमेंटची हजेरी आणि आधारचे कुलूप

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे आज वस्तीचे नाव आहे. मुळात ती तारेच्या कुंपणातली वसाहत होती. इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या कैकाडी, टकारी, पारधी अशा जमातींची कुटुंबे तिथे आणून ठेवली. कापड गिरणीत कामाला जाण्याची मुभा होती, हजेरी चुकवण्याची नव्हती.

गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा 1871 चा. 1911 च्या कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली आणि नोंदवहीतल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. वहीत नाव चढायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नसे. जन्म पुरेसा होता. ठशांचे शास्त्र तेव्हा नवे होते. कलकत्त्यात 1897 मध्ये ठशांचे कार्यालय निघाले. वर्गीकरणाची किचकट मांडणी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केली. पद्धतीला नाव मात्र साहेबाचे, एडवर्ड हेन्रींचे लागले.

मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये रद्द केला. देशभरात तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला, आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पुढे 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीची जागा व्यक्तीने घेतली, तरी संशयाची जुनी सवय एवढ्याने मोडणारी नव्हती.

मग उलटाच पेच पडला. ज्यांची इतकी बारकाईने नोंद झाली, त्यांच्याच नातवंडांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवासाचा पुरावा हवा झाला. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला. अध्यक्ष होते सोलापूरचे बाळकृष्ण रेणके. रेशनकार्डासारखा साधा कागदही अनेकांकडे नसल्याचे त्यात पुढे आले.

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार क्रमांक वाटले गेले. पुन्हा दहा बोटे, शिवाय दोन्ही बुबुळे; पण या वेळी सगळ्यांचीच. आधारवरच्याच वादात 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. पुढच्या वर्षीच्या निकालाने आधार टिकले, मात्र खासगी कंपन्यांना ते मागण्याची वाट देणारी तरतूद न्यायालयाने रोखली. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला.

सेटलमेंटच्या वहीत आपल्याबद्दल काय लिहिले आहे, यावर माणसाचा काहीच ताबा नव्हता. आधारधारकाला थोडा आहे. ठसे ऑनलाइन कुलूपबंद करता येतात, खऱ्या क्रमांकाऐवजी 16 अंकी तात्पुरता क्रमांक देता येतो, आणि आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रतही निघते. कुलूप लावायला मात्र आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो, कारण ओटीपी त्यावरच येतो. कष्टाच्या कामाने बोटांच्या रेषा झिजल्या असतील तर यंत्र ठसा नाकारू शकते. अशा वेळी बुबुळ किंवा चेहरा दाखवून ओळख पटवता येते.